कोणाच्या हातचा जंतू

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेसातला डायलिसिस वॉर्डातल्या परिचारिका रांगेत उभ्या राहत आणि आपले हात देत. टेबलावर जेलीच्या पातळ चकत्या मांडलेल्या असत. चकतीवर आधी उजव्या हाताची पाच बोटं दाबायची, मग डाव्या हाताची. त्यावर नाव आणि महिना चिकटवला की चकती प्रयोगशाळेत जाई. तिथे बोटांवरून उतरलेले जंतू वाढवले जात आणि त्यांची जनुकं वाचली जात. दोन माणसांच्या अंगठ्यांचे ठसे जुळत नाहीत, तसे दोन माणसांच्या कातडीवरचे जंतूही तंतोतंत जुळत नाहीत, हे लक्षात आल्यावर ही व्यवस्था निघाली होती.

तिचा उपयोग रक्ताच्या कल्चरसाठी होता. रुग्णाला थंडी वाजून ताप आला की त्याचं रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालून उबेत ठेवायचं. रक्तात जंतू असेल तर तो बाटलीत वाढतो. पण वाढलेला जंतू रुग्णाच्या रक्तातला की रक्त काढणाऱ्याच्या बोटावरचा, हा प्रश्न पूर्वी डॉक्टरांनी अंदाजाने सोडवायचा असे. आता प्रयोगशाळेतलं स्रोतयंत्र जंतूची जनुकं वाचून परिचारिकांच्या हातांशी ताडून पाहत असे. जुळली तर अहवालावर शेरा उमटे: नमुना दूषित. खाली नाव. परिचारिका या यंत्राला आपसात चुगलीपेटी म्हणत.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी इन्चार्ज सिस्टर हेमलता गायधने यांनी सगळ्यात शेवटी बोटं दाबली आणि त्या वॉर्डात आल्या. नोकरीची अठ्ठावीस वर्षं, त्यातली अकरा याच वॉर्डात. यंत्र येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात त्याने त्यांचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला चार नंबरच्या खाटेवरचे मोतीराम नान्हे कुडकुडायला लागले. बोंडेटोल्याच्या तलावावर मासेमारी करणारा साठीतला माणूस. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, म्हणून सोमवार-गुरुवार डायलिसिस. डाव्या हातात रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला तयार व्हायला अजून महिना होता. तोवर मानेखाली बसवलेल्या दोन तोंडांच्या नळीतून काम चाललं होतं.

"बाई, दात वाजून रायले यायचे," उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, सुगंधाने सांगितलं.

ताप एकशे तीन होता. स्नेहल बांते ही तीन वर्षं नोकरी झालेली परिचारिका कागद बघून म्हणाली, "मॅडम, पठाण सरांनी अँटिबायोटिक सुरू करायला सांगितलंय. कल्चरपुढे 'शक्य असल्यास' लिहिलंय."

"मग शक्य आहे ना?"

"आहे. पण या तिमाहीत दूषित नमुन्याच्या दोन खुणा लागल्यायत मला. तिसरी लागली की नाव फळ्यावर जातं."

हेमलतांनी तिच्याकडे पाहिलं. गेल्या काही महिन्यांत औषध आधी सुरू होतंय आणि कल्चर राहून जातंय, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. औषध आधी गेलं की बाटलीत काही उगवत नाही, आणि काही उगवलं नाही की कोणाचं नावही निघत नाही.

"बाटल्या आण. मी घेते. तू बघ फक्त."

त्यांनी हात धुतले, मोजे घातले. मोतीरामभाऊंच्या उजव्या हाताच्या पाठीवरची शीर बोटाने चाचपून ठरवली आणि ती जागा औषधाने घासली, घड्याळाकडे बघत पूर्ण तीस सेकंद. मग हात मागे घेऊन थांबल्या.

"आता कशाची वाट बघायची?" स्नेहलने विचारलं.

"वाळायची. ओल्या कातडीत सुई घातली तर घासण्याचा अर्धा उपयोग गेला. आणि आता शीर सापडत नाही असं वाटलं तरी बोट परत लावायचं नाही. लावलं की पहिल्यापासून."

बाटलीचं प्लास्टिकचं झाकण उडवून त्यांनी खालचं रबर स्पिरिटने पुसलं. झाकणाखाली असतं म्हणून ते निर्जंतुक असतं, असा अनेकींचा समज असतो. हाताच्या शिरेतून दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीत गेलं. मग नळीच्या तोंडाचं बूच घासून, वाळू देऊन, तिथून तेवढंच दुसऱ्या बाटलीत. दोन्हींवर जागा आणि वेळ लिहिली. सगळ्याला अकरा मिनिटं लागली. त्यानंतरच औषधाची पहिली मात्रा गेली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी अहवाल आला. उगवलेला जंतू: त्वचेवरचा पुंजगोलाणू. नमुना दूषित. स्रोत: हेमलता गायधने.

वॉर्डात सगळ्यांनी अहवाल वाचला आणि ज्या त्या आपल्या कामाला लागल्या. तेच हेमलतांना जास्त लागलं. स्नेहल दिवसभर त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. आपण डोळ्यांनी जे पाहिलं ते खरं की कागदावर आलं ते, असा तिचा गोंधळ चेहऱ्यावर दिसत होता.

डॉक्टर फैयाज पठाण दुपारी राउंडला आले. मोतीरामभाऊंचा ताप उतरला होता. "दूषित आहे, म्हणजे रक्तात काही नाही. औषध बंद करू. घरी जाऊ द्या, परवा डायलिसिसला येतीलच." मग हेमलतांकडे बघून ते सौम्यपणे म्हणाले, "होतं सिस्टर. शंभरात एकदा कोणाचंही होतं."

"सर, औषध दोन दिवस चालू ठेवता येणार नाही?"

"शेऱ्याविरुद्ध चालू ठेवायचं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

हेमलतांनी घरी सोडण्याचा कागद भरायला घेतला. मोतीरामभाऊ चारच्या बसने गावी गेले.

त्या संध्याकाळी घरी स्वयंपाक करताना हेमलता कालचं कल्चर मनात पुन्हा पुन्हा घेत राहिल्या. हात धुणं, मोजे, घासणं, थांबणं, रबर पुसणं. कुठे चुकलं ते त्यांना सापडत नव्हतं. एक बाटली दूषित झाली असती तर त्यांनी मान्यही केलं असतं. पण जंतू एकाच बाटलीत उगवला की दोन्हींत, हे अहवालात नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुटीत त्या प्रयोगशाळेत गेल्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रमुख डॉक्टर शर्वरी बोंद्रे डबा उघडून बसल्या होत्या.

"मॅडम, एक विचारायचं होतं. जंतू दोन्ही बाटल्यांत उगवला का?"

बोंद्र्यांनी डबा बाजूला सरकवला. "हे हल्ली कोणी विचारत नाही," असं म्हणत त्यांनी पडद्यावर नोंद उघडली. "दोन्हींत. एकच जंतू."

"आणि वेळ?"

"नळीची बाटली अकरा तासांत. हाताची पंधरा."

हे गणित दोघींनाही जुन्या दिवसांपासून पाठ होतं. बोटावरचे चारदोन जंतू बाटलीत पडले तर त्यांना वाढायला वेळ लागतो, आणि दोन वेगळ्या जागांहून काढलेल्या रक्तात तेच तसेच पडणं अवघड. पण नळीच्या आतच जंतूंनी घर केलं असेल तर नळीतल्या रक्तात ते भरपूर असतात आणि ती बाटली दोनचार तास आधी बोलते. हे तास यंत्र अहवालात छापत नव्हतं. नाव कळल्यावर तासांची गरज उरली नाही, असं ते बसवताना ठरलं होतं.

"मग हा जंतू त्यांच्या रक्तातच आहे," हेमलता म्हणाल्या.

"तसं दिसतंय खरं. पण मग यंत्र चुकलं म्हणायचं का? थांबा." बोंद्र्यांनी आणखी एक नोंद काढली. "तुमच्या हाताच्या जानेवारीच्या चकतीशी जुळलाय. फेब्रुवारीच्या चकत्यांचं वाचन आत्ता तासाभरापूर्वी संपलं." त्या पडद्यावर रेषा मागे-पुढे करत राहिल्या. "सिस्टर, फेब्रुवारीत हा जंतू तुमच्या हातावर नाहीच."

"जानेवारीच्या मध्यात हात धुवायचा द्राव बदलला आपण."

"त्यानेच गेला असेल. म्हणजे परवा तो तुमच्या बोटावरून बाटलीत पडणं शक्य नाही. आणि तरी तो तुमच्याच हातचा आहे." बोंद्रे वळून त्यांच्याकडे बघू लागल्या. "जानेवारीत तुम्ही या रुग्णाची नळी हाताळली होती?"

दर सोमवार-गुरुवारी हाताळली होती. पण हेमलतांना एकच गुरुवार आठवला, सत्तावीस दिवसांपूर्वीचा. डायलिसिस अर्ध्यावर आलेलं असताना मोतीरामभाऊंचा रक्तदाब एकदम कोसळला होता. डोळे वर गेले होते, सुगंधा हाका मारत होती. हेमलतांनी घाईने नळ्या सोडवल्या, चिमटे लावले, बुचं बसवली. पाय उंच केले, सलाइन सोडलं. पाचेक मिनिटांत ते शुद्धीवर आले. त्यानंतर मोजे काढताना त्यांना दिसलं की उजव्या तर्जनीवरचा मोजा चिमट्यात अडकून फाटला होता. नळीचं बूच त्याच बोटाने बसवलं गेलं होतं. त्यांनी हात धुतले, नवे मोजे घातले आणि वहीत लिहिलं: रुग्ण स्थिर. फाटलेल्या मोज्याचं लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही आहे, असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

हे सगळं त्यांनी बोंद्र्यांना तसंच सांगितलं.

बोंद्र्यांनी पडद्यावर शेऱ्याचा रकाना उघडला. मग म्हणाल्या, "मी शेरा बदलू शकते. पण त्या रकान्यात दोनच शब्द बसतात, दूषित किंवा संसर्ग. संसर्ग लिहिलं आणि स्रोत तुमचा असला की यंत्र ते आपोआप अधीक्षकांकडे पाठवतं. रुग्णास परिचारिकेकडून संसर्ग, असं. दूषित नमुन्याला एक खूण लागते. याला चौकशी लागते. तुम्हाला माहीत असलेलं बरं."

"बदला मॅडम."

"आजचा दिवस विचार करायचा असेल तर..."

"ते काल घरी गेलेत. विनाऔषधाचे."

बोंद्र्यांनी शेरा बदलला. हेमलतांनी तिथूनच सुगंधाला फोन लावला.

"सकाळपासून पुन्हा थंडी वाजून रायली," सुगंधा सांगत होती. "पाठ दुखते म्हणतात. पेजही घेतली नाही. उद्या यायचंच हाय तं म्हटलं उद्याच दाखवू."

"उद्या नाही वहिनी, आत्ता. मी गाडी पाठवते. त्यांना चालवू नका, खाटेवरूनच गाडीत घ्या."

बावीस किलोमीटरवर जाऊन गाडी परत यायला दीड तास लागला. मोतीरामभाऊ अर्धवट गुंगीत होते. पठाणांनी हृदयाची सोनोग्राफी केली. झडपेवर तांदळाच्या दाण्याएवढा जंतूंचा पुंजका हलत होता.

"सोमवारचं औषध चालू ठेवलं असतं तरी या जंतूला लागूच पडलं नसतं," बोंद्रे फोनवर पठाणांना सांगत होत्या. "हा रुग्णालयात राहिलेला जंतू आहे. साध्या औषधांना सरावलेला." त्यांनी योग्य औषध सांगितलं. मानेखालची नळी त्याच संध्याकाळी काढली. दुसऱ्या बाजूला तात्पुरती नवी बसली.

पठाण हात धुताना हेमलतांना म्हणाले, "उद्या ते डायलिसिसला आले असते. ताप दिसला असता तरी मी म्हटलं असतं, सोमवारीच तपासलंय, दूषित होतं. आणि त्याच नळीतून चार तास रक्त फिरवलं असतं." ते तोंड पुसत राहिले. "तो दाणा सुटून मेंदूत गेला असता तर कोणाला काही कळलंही नसतं."

मोतीरामभाऊंना सावरायला आठवडा लागला. औषध सहा आठवडे चालायचं होतं. दहाव्या दिवशी ते उशीला टेकून बसायला लागले, तेव्हा हेमलता स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. सुगंधाही तिथे होती. हेमलतांनी गुरुवार, फाटलेला मोजा, बूच, सगळं साध्या शब्दांत सांगितलं. माफी मागितली.

मोतीरामभाऊंनी विचारलं, "म्हंजे हे मले तुमच्या हातानं झालं?"

"हो भाऊ."

"अन् मशीन म्हणत होती का काहीच नाही?"

"हो."

"तुमी सांगतलं नसतं तं?"

"कोणाला कळलं नसतं."

ते आपल्या हातांकडे बघत होते. "मी चाळीस वर्षं जाळं टाकून रायलो बाई. जाळं फाटलं तं कोणाले सांगत नाही. घरी आणतो अन् गुपचूप शिवतो." एवढं बोलून ते थकले आणि त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर हेमलता खाटेजवळ आल्या की सुगंधा उठून नळापर्यंत त्यांच्यामागे जाई आणि त्या हात कसे धुतात ते उभी राहून बघे. हेमलतांनी तिला थांबवलं नाही. एकदा त्यांनी नळ बंद केला तेव्हा सुगंधा म्हणाली, "अंगठा रायला." तो खरंच राहिला होता. त्यांनी पुन्हा धुतले.

चौकशी मार्चमध्ये झाली. समितीत अधीक्षक, मेट्रन आणि डॉक्टर बोंद्रे होते. आवाज कोणाचाच चढला नाही. अधीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "सिस्टर, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नाही. पण एक समजून घ्या, हे यंत्र आल्यापासून आपल्याकडे दूषित नमुने शेकडा सहावरून दीडवर आलेत. उगाच दिली जाणारी औषधं निम्मी झालीत. ही लहान गोष्ट नाही."

"नाही सर, लहान नाही," हेमलता म्हणाल्या. त्यांनी वॉर्डाची वही सोबत आणली होती. "पण हेही बघा. यंत्राआधी आमच्या वॉर्डात महिन्याला चाळीसेक कल्चर होत. आता सतरा होतात. थंडी वाजून येणारे रुग्ण तेवढेच आहेत, तेही मी मोजलेत."

अधीक्षकांनी वही आपल्याकडे ओढली आणि दोन-तीन पानं उलटली. "मग नाव छापणं बंद करावं, असं तुमचं म्हणणं आहे का?"

याच प्रश्नावर हेमलता महिनाभर अडल्या होत्या.

"मला नक्की सांगता येत नाही सर. नाव छापलं जातं म्हणून मुली कल्चर घ्यायला घाबरतात. पण माझं नाव छापलं नसतं, तर मी वेळा विचारायला गेलेच नसते. मला तो मोजा आठवलाच नसता."

निर्णय अर्धामुर्धा झाला. 'नमुना दूषित' हा शेरा यंत्राने द्यायचा नाही, तो डॉक्टरांनी द्यायचा. दोन्ही बाटल्यांच्या वेळा अहवालात छापायच्या. नावांचं पुढच्या बैठकीत बघायचं. हेमलतांना तीन महिन्यांसाठी वॉर्डातून काढून प्रशिक्षण विभागात पाठवलं. मेट्रन म्हणाल्या, ही शिक्षा समजू नका. हेमलतांनी ती शिक्षाच समजली. ती योग्य आहे, असंही त्यांना वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा पहिला वर्ग भरला. वेगवेगळ्या वॉर्डांतल्या चौदा परिचारिका होत्या, त्यात स्नेहलही होती. टेबलावर रबरी हात, बाटल्या, स्पिरिट मांडलं होतं. हेमलतांनी तीस सेकंद घासून दाखवलं, मग वाळेपर्यंत थांबून दाखवलं. त्या शांततेत दोघी-तिघी चुळबुळल्या. जोरात थंडी वाजत असलेल्या माणसासमोर एवढं थांबणं किती कठीण असतं ते सगळ्यांनाच माहीत होतं.

मग त्यांनी मोतीरामभाऊंची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. भाऊ आता बरे आहेत, डाव्या हाताच्या फिस्टुलावर डायलिसिस सुरू झालं आहे, तलावावर जायला मात्र अजून बंदी आहे, हेही सांगितलं.

"काही विचारायचंय?"

स्नेहलने हात वर केला. "मॅडम, समजा तुमच्या जागी मी असते. मला दोन खुणा आधीच लागलेल्या. मी गप्प बसले असते, तर यंत्राला ते कळलं असतं?"

"नाही."

"आणि तुम्ही प्रयोगशाळेत गेला नसतात तर?"

"तरीही नाही."

स्नेहल शब्द जुळवत होती. बाकीच्या तेरा जणी तिच्याकडे बघत होत्या.

"दीड वर्षात आपल्या रुग्णालयात शंभराच्या वर नमुने दूषित म्हणून बाजूला टाकले गेले. त्या प्रत्येकाखाली आमच्यापैकी कोणाचं तरी नाव आहे. आम्ही सगळ्यांनी ते खाली मान घालून मान्य केलं." तिने समोरची रिकामी बाटली उचलली आणि परत ठेवली. "त्यातले रक्तातले खरे किती होते, मॅडम?"